बाळ मोठं होतं

"एवढं कशाला वाढून घेतलंस? बाळ जन्माला घालायचंय की पहिलवान?"

काकू पुटपुटल्या त्या अगदी सुनेच्या कानाशी, आणि बोलता बोलता तिच्या ताटातला अर्धा भात परत पातेल्यात गेलासुद्धा. सून उरलेला भात कालवू लागली. आठवा महिना लागल्यापासून तिचं बोलणंच कमी झालं होतं. दिवसभर उभं राहून बोलण्यापुरता दम उरायला तर हवा.

घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं होती आणि दोन्हींवर इस्त्री चाले. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे पांढरे कोट. काकू पाणी शिंपडून कपडे गुंडाळून ठेवत, सून इस्त्री फिरवी, काका घड्यांचे गठ्ठे बांधत आणि मुलगा ते गाडीवर घालून पोचवून येई.

काकू वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. सासू म्हटलं की वाचणाऱ्याच्या कपाळाला आपोआप आठी पडते. सुनेच्या पायांखाली उशी सरकवणाऱ्या त्याच, आणि दुपारी तिला डुलकी लागली तर तिच्या वाटच्या चादरी गुपचूप उरकणाऱ्याही त्याच. फक्त ताटाच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. त्यांची लेक, घरातली ताई, पहिल्या बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. बाळ मोठं होतं म्हणून अडलं, असं काका म्हणाले. मग शेजारी म्हणाले, मग जावई म्हणाला, आणि म्हणता म्हणता ते भिंतीसारखं पक्कं झालं. तेव्हा सुनेचं बाळ लहान राहायला हवं. म्हणून अर्धं ताट.

जेवणं उरकून इस्त्र्या पुन्हा तापल्या तोच प्रश्नवाली आली. गरोदर बायकांना काय काय त्रास होतो, कोण सुखरूप सुटतं, कोण सुटत नाही आणि का, याचा अभ्यास करणाऱ्या गटात ती काम करी. खांद्यावरच्या पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र आणि जिभेवर प्रश्न, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलं होतं.

"अजून विचारायचं उरलंय का काही?" काकू म्हणाल्या. "शेजारणीकडे जा बाई. तिला सांगायची हौस आहे."

"तिच्याकडूनच येतेय. कान दुखले माझे." प्रश्नवाली गठ्ठ्यावर टेकली. "हिचं जेवण वाढवलंत का? मागच्या खेपेला मान डोलावली होती तुम्ही."

"वाढवलं की," काकू म्हणाल्या. सुनेनं मान वर केली नाही.

"कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, काकू. आई थकते आणि बाळ कमजोर होतं, एवढंच." ती हे इतक्यांदा सांगून चुकली होती की शब्दांना आता धारच राहिली नव्हती. "बरं, आजचा प्रश्न. या घरात आधी कुणी बाळंतपणात गेलंय?"

"मुलगी गेली आमची," काका गाठ आवळत म्हणाले. "बाळ मोठं होतं."

"वजन केलं होतं?"

"मोठं म्हणजे मोठं." नीट बसलेली गाठ त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"आणि कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात कधी नेलं?"

काकू वाटीत बोटं बुडवून कपड्यावर शिंपडत होत्या. वाटीतलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"अडल्यावर नेलं," काका म्हणाले.

तेवढ्यात जळका वास आला. सुनेची इस्त्री एका कोटाच्या बाहीवर तशीच टेकून राहिली होती. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातून साधा रुमालसुद्धा करपला नव्हता. काकूंनी धावत जाऊन इस्त्री उचलली.

"लक्ष कुठाय गं तुझं?"

"बाहीच दिसेना मला," सून म्हणाली. "सगळं धुरकट दिसतंय. सकाळपासून डोकंही ठणकतंय."

"मग बोलायचं नाही?"

"काम पडलं होतं ना."

प्रश्नवालीनं तिला खाली बसवलं, तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून तिनं पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. मग ती फोन काढतच उठली. "हिला आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. दाब फार चढलाय. झटके येऊ शकतात. हिच्याही जिवाला धोका आहे आणि बाळाच्याही. मी गाडी बोलावते."

"न्यायचंच आहे, नाही कोण म्हणतंय?" काका म्हणाले. "पण त्याला विचारू तरी." त्यांनी मुलाला फोन लावला. पलीकडून मुलाचा आवाज खोलीभर ऐकू आला, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं करा."

"अरे, बायको तुझी."

"मग मी येईपर्यंत थांबा."

"ठीक. थांबतो." काकांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. "तिच्या वडिलांच्याही कानावर घालायला हवं. उद्या काही बरंवाईट झालं तर आपल्यालाच बोल लागेल, न विचारता नेलं म्हणून."

काकूंच्या हातात रिकामी वाटी तशीच राहिली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. तेव्हा लेक आतल्या खोलीत दाराची चौकट धरून उभी होती आणि काका इथेच, याच टेबलापाशी, जावयाला विचारत होते. जावई म्हणाला, आईला विचारतो. त्याची आई म्हणाली, घरातल्या मोठ्यांना येऊ दे. कुणी ओरडलं नाही, कुणी वाईट वागलं नाही. सगळे एकमेकांचा मान राखत होते. टेबलावरचं ऊन सरकत सरकत दारापर्यंत गेलं तरी मान राखणं चाललंच होतं. काकूही गप्पच होत्या. आणि मग दवाखान्यात ते बाळ त्यांच्याच हातात आलं होतं. उशीच्या अभ्र्यात त्यांनीच ते गुंडाळलं होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

काकूंनी दोन्ही इस्त्र्यांची बटणं बंद केली. सुनेच्या काखेत हात घालून तिला उठवलं. ती जड नव्हती. एवढ्या महिन्यांची पोटुशी बाई इतकी हलकी कशी, हे त्यांच्या हाताला आत्ता कळलं, आणि का, हेही कळलं.

"चल. माझ्यावर भार टाक."

"अगं, थांब की जरा," काका दाराशी आले. "एवढी घाई करून काय होणार? ताईच्या वेळी पाहिलंस ना? दवाखान्यात नेलं होतंच की आपण. बाळच मोठं होतं, त्याला कोण काय करणार?"

"बाळ मोठं नव्हतं," काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. दिवसभराच्या चादरी संपल्यावर यायचा तसाच, दमलेला होता.

"मी गुंडाळलंय त्याला. निम्मा अभ्रा उरला होता. बाळ एवढंसं होतं, अहो. ताई गेली ती आपण थांबलो म्हणून."