दप्तराला पैकीच्या पैकी

नकुलचं घर बंदुकांना नावं ठेवण्यावर चालायचं. अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्याच्या गॅरेजमधून निघणाऱ्या व्हिडिओंत एकाही पिस्तुलाला, एकाही रायफलीला कधी पैकीच्या पैकी मार्क मिळाले नव्हते. बंदुका बनवणारे हातापाया पडायचे, पण हा पठ्ठ्या बधायचा नाही.

या वेळी मात्र एका कंपनीने गोळी अडवणारं शाळेचं दप्तर पाठवलं होतं. नकुलने ते नेमबाजीच्या रेंजवर टांगलं आणि स्वतःच्या रायफलीने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कापडाच्या चिंध्या झाल्या, पण आतल्या प्लेटने एकही गोळी पलीकडे जाऊ दिली नाही. त्याने पहिल्यांदाच पैकीच्या पैकी मार्क दिले आणि दुसरीतल्या लेकीसाठी, रेवासाठी, तसलंच नवं दप्तर मागवलं.

रेवाने ते पाठीवर अडकवून बघितलं. "खूप हेवी आहे, बाबा."

"असू दे. शाळेत कुणी बंदूक घेऊन आलं, तर हे पुढे धरायचं."

"पण बॅग्ज तर बाहेर हॉलवेत असतात, हुकला टांगलेल्या. क्लासमध्ये अलाउडच नाहीत."

नकुल भडकला. "मग बंदूकवाल्यापासून वाचायची ड्रिल कसली डोंबलाची घेतात? काय करता तुम्ही त्यात?"

"दाखवू?"

रेंजवरून आणलेली रायफल साफ करायला टेबलावर ठेवली होती. रेवा त्याच टेबलाखाली शिरली, गुडघे पोटाशी घेतले आणि ओठांवर बोट ठेवून बाबाकडे बघत राहिली.