देवमणाची घोडी

जत्रेतून नवी घोडी आणली तेव्हा अप्पांनी मला आधी तिच्या गळ्यावरचा केसांचा भोवरा दाखवला. "देवमण हाय बघ, दानव्वा, लई शुभ. जुनीलाबी हितंच होता."

जुनी घोडी उन्हाळ्यात मेली. तिच्यावर बसून अप्पा दर सोमवारी शेतात जायचे. आमच्या गावाहून, चिंताकीहून, शेत तीन किलोमीटर. मध्ये ओढा, पुढे दगडांची वाट. जीप तिथं जात नाही आणि अप्पांचे गुडघे गेलेत. आईला शेतातच पुरलंय, आम्हा लिंगायतांत तसंच करतात.

मी प्राणिशास्त्र शिकले, कलबुर्गीला प्रयोगशाळेत नोकरी करते. रजेवर आले होते. भोवऱ्याआधी मला दिसली ती लांब पाठ आणि अरुंद कंबर. खुराच्या वरचा भाग जवळजवळ उभा होता. तो तिरका असला तर धक्का तिथंच मुरतो. नाहीतर थेट बसणाऱ्याच्या मणक्यात जातो.

पहिल्या सोमवारी शेतातून परतल्यावर अप्पा बाजेला धरून उतरले. "चाल जरा कडक हाय. शिकंल."

"चाल शिकवता येते अप्पा, हाडं न्हाई."

"आन् भोवरा शिकवत न्हाईत व्हय तुमच्या कॉलेजात?"

मी टेप घेऊन छाती आणि लांबी मोजली. वजन अंदाजे दोनशे नव्वद किलो. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे अठ्ठावन्न किलो, तिनं वाहावा. अप्पा खोगिरासकट चौऱ्याहत्तर. मग कंबरेवर अंगठा दाबला. घोडी खाली दबली.

"तिला दुखायलंय, अप्पा."

अप्पांनी त्याच जागी तळवा ठेवला. ती पुन्हा दबली. त्यांनी हात काढला नाही.

"तुझ्या आईचीबी कंबर अशीच दुखायची. बोलली न्हाई कधी."

मी टेप गुंडाळत म्हटलं, "विकून टाका."

"इकली तर दुसरा कुणीतर बसंलच की."

पुढच्या सोमवारी त्यांनी खोगीर भिंतीलाच राहू दिलं. घोडीच्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली आणि बेलपानांची पिशवी बांधली, आयाळ मुठीत धरली आणि पायीच निघाले.

"थांबा, मी येते."

"तू गुरुवारी जायलीस. फुडच्या सोमवारी कोण येतंय? आत्ताच सवय लागू दे."

दहा-बारा पावलांवर ते थांबत. घोडीही थांबे. ओढ्याच्या वळणापर्यंत सोळा वेळा थांबले. पलीकडचं आमच्या दारातून दिसत नाही.