नवव्या पानावरची खिडकी

"मॅडम, नववं पान तेवढं राहू द्या," कारभारी तिसऱ्यांदा म्हणाले.

संगमनेरच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दिपाली मॅडम स्कॅनरच्या काचेवर पुस्तक उपडं ठेवत होत्या. 'घर बांधा : चोवीस नकाशे' हे पुस्तक शहात्तर साली एका गृहनिर्माण संस्थेनं सभासद शेतकऱ्यांसाठी छापलं होतं. नकाशे सगळे कारभारींच्या हातचे. तेव्हा ते संस्थेत आरेखक होते, वय पंचवीस. जुन्या घरांची अशी पुस्तकं मॅडम शोधून काढत आणि कुणालाही पाहता यावीत म्हणून इंटरनेटवर ठेवत.

पान गाळलं तर पुस्तक लंगडं होईल, असं त्यांचं म्हणणं. फाटलं असेल तर जोडून घेते, म्हणाल्या. फाटलेलं नव्हतं. सोमवारी पुस्तक चढवायचंय, तोवर नीट विचार करून सांगा, एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

नवव्या पानावरच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पेन्सिलीच्या नकाशात होती. शाईनं गिरवताना सुटली. पुस्तक छापून आल्यावर साहेबांनी विचारलं, तेव्हा कारभारी पटकन बोलून गेले, की चुलीला वारा लागू नये म्हणून मुद्दामच ठेवली नाही. साहेबांना ते पटलं. गवंडी तर पुस्तकात असेल तसंच बांधायचे. त्यात नववं घर सगळ्यांत स्वस्त, म्हणून तेच सगळ्यांत जास्त बांधलं गेलं.

रविवारी कारभारींना घरात बसवेना. दोनदा चहा केला, दोनदा निवून गेला. शेवटी खिशात टेप टाकून त्यांनी कोल्हारची एस.टी. धरली. तिथल्या एका आळीत नवव्या नकाशाची सात घरं होती. जाऊन पाहायचं काय, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या घरात लंकाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. जुन्या घरांची मापं घेतोय म्हटल्यावर त्यांनी आत नेलं. चुलीच्या जागेवर आता डबे होते, पण मागच्या भिंतीत एक ओबडधोबड भोक होतं, कडा हातानं लिंपलेल्या.

"मीच पाडलं, पहारीनं," लंकाबाई म्हणाल्या. "मालक म्हनायचे, पुस्तकात न्हाई. म्हनलं, पुस्तकाला ठसका लागत न्हाई. ते बाजाराला गेल्ते, तवा घेतली पहार."

इतकं खाली का, असं कारभारींनी विचारलं.

"धूर वरनंबी गेला असता. पन मला रस्ता बगायचा हुता."

कारभारी आळीभर हिंडले. सातही घरांत भोक होतं, आणि प्रत्येक निराळ्या उंचीवर. अडीच फूट. दोन फूट दहा इंच. दोन फूट सात. टेप धरता धरता त्यांच्या ध्यानात आलं : चुलीपुढं बसल्यावर जिचे डोळे जिथं येतात, तिथं तिनं पाडलं होतं.

निघताना लंकाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "ज्यानं त्यो नकाशा काढला, त्यानं कंदी फुकनी हातात धरली नसंल बगा."

"मीच काढला," कारभारी म्हणाले. "खिडकी माझ्याकडून सुटली."

पन्नास वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलत होते. लंकाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. राग नव्हता, नुसतं कुतूहल.

"मंग तुमच्या मालकिनीनं कुटं पाडलं?"

कारभारींनी पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

स्टँडवरून त्यांनी मॅडमना फोन केला. नववं पान घ्या, म्हणाले, आणि खाली लिहा की स्वयंपाकघराची खिडकी आरेखकाच्या चुकीनं राहिली. माझं नाव घाला.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. घर नवव्या नकाशाचंच. तोंडून निघालेलं कारण खोटं ठरू नये, म्हणून त्यांनी स्वतःच्या भिंतीलाही खिडकी ठेवली नव्हती. त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी, तिथं बावीस वर्षं चूल फुंकली, पण नवऱ्याच्या नकाशाला पहार लावली नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

कारभारींनी फळीवरचा पाट काढला. चुलीच्या जागी गुडघे धरत बसले, कानावरची पेन्सिल काढली आणि टोक भिंतीला टेकवलं. मग थोडं खाली आणलं. मग पुन्हा वर. सात घरांची मापं खिशातल्या कागदावर होती. राहीबाईंचे डोळे कुठवर यायचे, ते काही केल्या आठवेना.