जरा जास्त कापा

मत्स्यालयात सगळे तिला मासोळी म्हणत. सकाळी पाण्यात उतरून ती मोठ्या टाकीची काच आतून पुसायची आणि दुपारी तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवायची. दोन्हीकडे पगार, दोन्हीकडे कर कापलेला. म्हणून गेल्या वर्षी कराचं विवरणपत्र भरताना ती अगदी निर्धास्त होती. बाकी निघाली दोन महिन्यांच्या पगाराएवढी. तिचे डोळेच पांढरे झाले. दादाने मुकाट्याने पैसे भरले आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. ते न काढणंच तिच्या जिवाला लागून राहिलं.

या वर्षी पहिल्याच आठवड्यात ती ओल्या केसांनी पगाराचं बघणाऱ्या बाईंकडे गेली. त्यांची खोली टाक्यांच्या मागे. भिंतींवर हिरवा उजेड हलायचा आणि त्यात बाईसुद्धा संथ तरंगल्यासारख्या दिसायच्या.

"अगं, आम्हाला वाटतं तुझा पगार एवढाच. तलाववाल्यांनाही तसंच वाटतं," बाई म्हणाल्या. "दोघंही कमी कापतो. बेरीज होते ती एकदम वर्षाच्या शेवटी."

"मग काय करू?"

"तिकडचा पगार या फॉर्मवर लिही. दोन्हींचा मिळून जो कर होईल, त्यातला राहिलेला मी इथून दरमहा कापते. हातात कमी येईल हं."

"येऊ दे. जरा जास्तच कापा."

वर्षभर तिने हात आखडता घेतला. पण पाण्याखाली हलकं वाटायचं. चंदेरी मासे कानाजवळून सरकत जायचे, काचेपलीकडची माणसं विरघळल्यासारखी दिसायची, आणि किती वेळ गेला ते तिला कळायचं नाही.

विवरणपत्र भरायच्या दिवशी सकाळीच दादा हजर, खिशात चेकबुक. बाकी निघाली बसच्या तिकिटाएवढी.

"एवढीच?" त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एवढीच. मी भरते."

"शाबास," तो म्हणाला खरा, पण हिरमुसलाच. "मग मी आलो कशाला?"

तिने पिशवी उचलली. "दादा, तू मला कामावर कधी पाहिलंच नाहीस. चल."

तासाभराने तो टाकीसमोर उभा होता. वरून ती सावकाश उतरत आली, भोवती मासेच मासे. दादाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो भानावर आला, अगदी पुढे वाकला आणि काचेवर बोट ठेवलं: इथे डाग राहिलाय.

तिने तो पुसला. त्याने लगेच दुसरा दाखवला.