मोठ्या माणसाची खुर्ची

त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला. आपलं काम कोणी बघत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा त्याचा जुना नियम. आज तो पाळणं जड जात होतं.

पडद्यावर तिच्या नव्या अल्बमचं कव्हर होतं. उन्हं कललेली खोली, समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर ती, पाठमोरी. दुसरी रिकामी, जराशी मागे सरकवलेली. बसणारा उठून गेला असला तरी परत येऊन बसू शकेल अशी.

कव्हरं करण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. दार अर्धवट उघडं काढलं की लोकांना वाट पाहणं दिसतं, लावून टाकलं की ताटातूट दिसते आणि दारच काढलं नाही तर चित्रकार फार शिकलेला दिसतो, असं तो हसत सांगायचा. तिची आधीची चारही कव्हरं त्याचीच. तेव्हा दोघं एका घरात राहत होती. गेली पाच वर्षं ती वेगळी राहत होती. कागदोपत्री मात्र अजून नवरा-बायकोच, कारण अर्ज करायला दोघांपैकी कोणी गेलंच नाही.

महिन्यापूर्वी तिचा फोन आला. "कव्हर तूच कर," एवढंच म्हणाली. कव्हर छापायला आधी जातं, म्हणून शब्द रेकॉर्ड होण्याआधीच्या नुसत्या चाली त्याच्याकडे आल्या. पियानो आणि तिचं गुणगुणणं. आवाज कुणाला तरी हाक मारत वर जायचा आणि ओ न मिळाल्यासारखा खाली यायचा. हाक कुणाला, हे विचारावंसं त्याला वाटलंच नाही. पठ्ठ्याने दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी घराची आणखी एक किल्ली करून आणली.

ती पुढे वाकून पडदा न्याहाळू लागली.

"उजेड छान आलाय," शेवटी म्हणाली.

"आणि?"

"ही खुर्ची मोठी आहे रे."

"लहान करतो की. दोन मिनिटांचं काम." तो लगबगीने टेबलाशी आला. "मुद्दाम तुझ्या खुर्चीएवढी घेतली होती. बरोबरीची."

"तसं नाही म्हणत मी. ती मोठ्या माणसाची आहे."

त्याला काही कळलं नाही. तिने पर्समधून फोन काढला.

"शब्द परवाच रेकॉर्ड झाले. ऐक."

चाल तीच होती, त्याने चाळीसदा तरी ऐकलेली. आता त्या चालीत वरचं बटण मी लावते, खालचं तू लाव, असं सकाळच्या घाईतलं बोलणं होतं. डावा बूट उजव्या पायात गेल्यावरचं हसणं होतं. पहिलं कडवं संपायच्या आतच त्याला कळलं, हाक चिमणीला होती.

चिमणी त्यांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तापाने गेली, तेव्हा तिला पाच वर्षं आणि वर दोन महिने झाले होते. आठवड्याच्या आत त्याने तिचे कपडे देऊन टाकले, फोटो माळ्यावर टाकले आणि पुन्हा तिचं नाव घेतलं नाही. बायकोने घेतलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. बोलून का ती परत येणार आहे, म्हणायचा. त्याला ते धीराचं वाटायचं. बायकोने वर्षभर त्या बंद दाराकडे बघून काढलं आणि मग बॅग भरली.

गाणं संपलं.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"काय वाटलं?"

"काही नाही."

तिने एकवार त्या मागे सरकवलेल्या खुर्चीकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पण तिने तसं दाखवलं नाही, आणि त्यामुळेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्ची त्याने स्वतःसाठी काढली होती. आठ गाण्यांत त्याला स्वतःशिवाय कोणी दिसलं नव्हतं.

"इतकी वर्षं मी तिचं नाव काढू दिलं नाही तुला," तो म्हणाला. "मग हे काम मला कशाला दिलंस?"

"तिला पाहिलेला दुसरा चित्रकार कुठून आणू?"

तो कॉम्प्युटरसमोर बसला. चित्रातली रिकामी खुर्ची पुसून टाकली, आणि तिथे जमीन तेवढी उरली. त्याने लहान खुर्चीचे पाय काढले, पुसले, पुन्हा काढले. आयुष्यभर नुसत्या नजरेने मापं घेणारा माणूस, पण हे माप त्याच्या हाताला आठवेना. ते आठवेना याचंच त्याला रडू आलं, आणि आज त्याने ते आवरलं नाही.

"चिमणी," तो म्हणाला आणि थांबला. मग पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारलं, "चिमणी कुठवर यायची गं?"

ती उठली. टेबलाशेजारी उभी राहिली आणि तिने तळवा आडवा धरला.

"एवढी."

मग स्वतःच्याच हाताकडे नीट बघून तिने तो बोटभर वर नेला.

"नाही, थांब. वाढदिवसानंतर वाढली होती."