उमरग्यातलं नाताळचं कालवण

समुद्र न पाहताच त्याचा वास कधी घेतलाय तुम्ही? मी घेतलाय, तोही उमरग्यात बसून.

मी एक लोखंडी शेगडी. हैदराबादच्या रस्त्याचं काम झालं तेव्हा डांबराची रिकामी पिंपं कडेला पडली होती. त्यातल्या एकाचा पत्रा कापून लोहारानं मला घडवलं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शिवप्पांनी मला बाजारातून आणलं आणि त्यांच्या सिताबाईंनी माझ्यावर पहिल्यांदा दूध तापवलं. घर लिंगायताचं. माझ्या निखाऱ्यांना दूध, चहा आणि भाजायची वांगी एवढंच ठाऊक होतं.

पुढच्या खोलीत पावलीन भाड्यानं राहायची. ती वसईची, इथल्या दवाखान्यात नर्स. जेवायला सिताबाईंकडेच असायची. तिचे वडील इनासबाबा यांचा सारा जन्म होडीवर गेलेला. नाताळच्या आदल्या दिवशी ते पहिल्यांदाच लेकीकडे आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "उद्या सण करू, परवा सकाळच्या मोटारीनं निघू. सामान बांध. जिथं मासळी नाही, तिथं माझी पोर काय खाऊन राहते?"

पावलीनला नोकरी सोडायची नव्हती. ती वाद घालत बसली नाही, बेत ठरवायला बसली. ताजी मासळी इथवर टिकायची नाही. मग बाजारात मिळणारे सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, नारळाच्या रसात शिजवायचे. सुके बोंबील निखाऱ्यावर भाजायचे. पांढरा भात आणि कांद्याची कोशिंबीर. खाली धुतलेली चादर, मधे पेल्यात शेवंतीची फुलं. थोडंच, पण नीटनेटकं.

शिजवायचं कुठं, हा मात्र प्रश्न होता.

"काकू, एक दिवस तुमची चूल..."

"माझ्या चुलीवर मासळी? न्हाय बाई!" सिताबाई घरात गेल्या. थोड्या वेळानं मला उचलून बाहेर आल्या. "ही घे. लिंबाखाली कर काय करायचं ते. पर आता हिला घरात घ्यायची न्हाय."

माझं मन खट्टू झालं. दुधाची सवय असलेल्या शेगडीला अंगण म्हणजे हद्दपारीच. पण पावलीननं सोडे भिजत घातले, बोंबील माझ्यावर तडतडले आणि तो खारा वास आला, तेव्हा मला नवल वाटू लागलं.

मग तिनं नारळ फोडला. आतून सगळा नासका. दुसरा आणायला बाजार बंद झालेला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं बया, रडतीस कशाला?" नाकाला पदर लावून सिताबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "शेंगदाण्याचं कूट टाक की. आमच्याकडं कशालाबी तेच लागतंय."

"सोड्यात कूट? बाबा ताट सारून उठतील, काकू!"

"उठू दे. उपाशी किती येळ बसतील?"

दुसरा उपाय नव्हता. कूट पडलं, कालवण दाट झालं. पहिल्याच घासाला इनासबाबा थांबले.

"यात काय घातलंस?"

"शेंगदाणे."

"हे कोणी शिकवलं?"

"काकूंनी."

"त्यांनी चाखून पाहिलं का?"

"छे! त्या मासळी खात नाहीत. नाक धरून सांगत होत्या."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. सिताबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या. "हळू खावा. कालवण पळून जातंय व्हय?"

बाबा पाणी प्याले, मग त्यांनी ताट पुढं केलं. "नारळाची चव नाही ती नाहीच. पण वाढ अजून." मग उंबऱ्याकडे बघत लेकीला हळूच म्हणाले, "ही बाई तुला उपाशी ठेवायची नाही."

मी अजून अंगणातच आहे. पत्रा गंजलाय, जाळी बदलून झालीय. तरी निखारे घातले की तापते. तुमच्या दारात अशी एखादी शेगडी असेल, तर तिला मोडीत घालू नका. वेगळं जेवणारं माणूस घरी आलं, तर ती उपयोगी पडेल.

त्या सणाचं एवढंच सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इनासबाबा एकटेच सोलापूरच्या मोटारीत बसले आणि पावलीन दवाखान्यात कामावर गेली.