अण्णांची साथ

हनुमंतरावांची जीभ अडखळली ती तिरुनागेश्वरम्‌च्या रामनवमीच्या उत्सवात, भर कीर्तनात. सीतास्वयंवराचं आख्यान रंगात आलं होतं. धनुष्य उचलायला रावण पुढे सरसावला आणि हनुमंतराव 'ध-ध-ध' करीत एकाच अक्षरावर थांबले. मांडव हसला. रावणाची फजिती दाखवायला ते नेहमीच काहीतरी नवी युक्ती काढीत. शेजारी मृदंग घेऊन बसलेल्या सेतूलाही तसंच वाटलं. थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, तोंडून जे निघेल ते बोटांतून काढायचं, हेच तो मिसरूड फुटल्यापासून करीत आला होता. त्याने ते 'ध-ध-ध' जसंच्या तसं मृदंगावर उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हनुमंतरावांच्या हातातल्या चिपळ्या गळून पडल्या, उजवा खांदा कलला, तरी सेतूचा हात क्षणभर चालूच होता.

जीव वाचला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. घशातून एक जाडाभरडा स्वर तेवढा निघे, त्याचा अर्थ त्यांची बायको भागीरथी लावी.

सेतू दुसऱ्या कीर्तनकारांकडे गेला. तंजावरला एकाने दोन कार्यक्रम दिले आणि मग सौम्यपणे म्हणाला, "हात फार गोड आहे हो तुमचा. पण तुम्ही माझी वाट बघत नाही, त्यांची बघता." खरंच होतं. अण्णा जिथे श्वास घेत तिथे सेतूचा हात थांबे. समोरचा माणूस तिथे श्वास घेत नसे. सेतूने मृदंगाला खोळ घातली आणि पंकजाच्या, म्हणजे बायकोच्या, माहेरच्या ओळखीने तिरुभुवनम्‌च्या एका रेशीमवाल्याकडे हिशेब लिहायला लागला.

एका दुपारी अरसलार नदीच्या काठाने तो घरी येत होता. विड्याच्या पानांच्या एका रिकाम्या वखारीतून वाद्यांचा आवाज येत होता. लग्नाच्या वरातीतला बँड नव्हता हा. ट्रंपेट होता, अकॉर्डियन होता, आणि खालून कोणीतरी जाड तारेवर बोट मारीत होतं. सगळं हसतखेळत चाललेलं, तरी आत कुठेतरी रडल्यासारखं. सेतू दाराशी थांबला. त्याच्या कानाला एक गोष्ट लगेच कळली. यांच्यात ढोल नाही. ढोलाच्या जागी खड्डा आहे आणि तिघेही तो चुकवून चालले आहेत.

तिघेही कारैकालचे ख्रिस्ती. फ्रेंचांच्या अमलात तरुणपणी व्हिएतनाममध्ये सायगॉनला गेलेले, तिथल्या नाचघरात उमेदीची वर्षं घालवलेले. फ्रेंच लढाई हरून निघाले तसे हेही परतले आणि अकॉर्डियनवाल्या सवरिमुत्तूच्या सासऱ्याच्या या वखारीत जमू लागले. ट्रंपेटवाला ज्ञानप्रकाशम म्होरक्या, साठीकडे झुकलेला. माणसापेक्षा उंच असा बास वाजवणारा लूर्दुसामी क्वचितच बोले. त्यांचा ढोलवाला तिकडेच राहिला होता.

"हे कोठलं संगीत?" सेतूने तमिळमध्ये विचारलं.

"क्यूबा नावाचं बेट आहे. ठेके तिथले, वरचा जाझ अमेरिकेतला," ज्ञानप्रकाशम म्हणाला. "सायगॉनला जहाजावरून उतरलेल्या एका माणसाने आम्हाला हे शिव्या देऊन देऊन शिकवलं. तुम्ही काय वाजवता, राव?"

"मृदंग."

कोपऱ्यात कापडाखाली एक उभा, पिंपासारखा ढोल होता. त्याला ते तुंबा म्हणत. सेतूने त्यावर हात टाकला. कातडं निराळं, घुमारा निराळा, पण कातडंच ते. ट्रंपेट सुरू झाला आणि सेतूची बोटं धावली. ट्रंपेट वर गेला की तो वर, थबकला की तोही थबकला. वळण संपायच्या आत त्याने ते पकडलेलं असे. थांबल्यावर त्याला वाटलं, आता हे लोक खूश होतील.

सवरिमुत्तू जमिनीकडे पाहत होता. ज्ञानप्रकाशमने तोंडावरून रुमाल फिरवला.

"राव, मी घराबाहेर हिंडायला निघतो, आणि तुम्ही माझ्या मागोमाग येता. मग घरी कोण थांबणार? मी परत कोठे येऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या हातून ढोल काढून घेतला आणि वीतभर लांबीच्या दोन लाकडी कांड्या दिल्या. एकीवर दुसरी मारायची. तीन ठोके, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. गाणं संपेपर्यंत तेवढंच. कोणी काहीही करो, ते सोडायचं नाही.

सेतूला हसू आलं. याहून दसपट अवघड तालाचे हिशेब तो झोपेत करू शकला असता. पण ट्रंपेटने एक लांब तान घेतली आणि त्याच्या कांड्या तिच्यामागे पळाल्या. पुन्हा सुरुवात. पुन्हा पळाल्या. लूर्दुसामी बास थांबवून भिंतीकडे बघत उभा राहिला. चौथ्या वेळी ज्ञानप्रकाशम ओरडला, "तुम्हाला कान फार आहेत! थोडे बंद करा!"

आजवर कान चांगले म्हणूनच लोकांनी त्याचं नाव घेतलं होतं. तो घरी आला तो न जेवताच पडला. पण दुसऱ्या दुपारी पाय पुन्हा तिकडेच वळले. का, ते त्याला सांगता आलं नसतं. एवढंच की त्या वखारीत तो अण्णांचा भाऊ नव्हता आणि तिथे त्याला कोणी अण्णांची प्रकृती विचारत नव्हतं.

घरात मात्र चलबिचल होती. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही त्या घरात अजून जुन्या वळणाची मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर तमिळ. सेतू ओसरीत कांड्यांचा सराव करू लागला तशी भागीरथी वैनी म्हणाली, "काय हें टकटक मांडिलंस, सेतू? कीर्तनकाराचं घर हें. आणि कोण कोठचे लोक ते!"

"शिकतों आहे, वैनी."

"या वयांत?"

आत पलंगावरून अण्णांचा तो जाडाभरडा स्वर आला. वैनी आत गेली आणि गोंधळून बाहेर आली. "ते म्हणतात, थांबवूं नको."

महिने गेले. कांड्यांवर हात बसला, मग ढोल परत मिळाला. आता सेतूला कळू लागलं की या चौघांत कोणीच कोणाच्या मागे जात नाही. प्रत्येकाजवळ एक छोटा तुकडा. तो इतरांच्या तुकड्यांशेजारी ठेवायचा आणि सांभाळायचा. एकदा सगळं इतकं नीट बसलं की लूर्दुसामी गालात हसला. सेतूला ते हसू घरी नेऊन कोणाला तरी दाखवावंसं वाटलं.

त्या पावसाळ्यानंतर अण्णांनी डाव्या हाताने दाराकडे खूण केली आणि मग सेतूकडे. त्यांना वखारीत यायचं होतं.

घोड्याची जटका गाडी आणली. सेतूने त्यांना उचलून बसवलं. वखारीत ज्ञानप्रकाशम पुढे झाला, त्याने दोन्ही हात जोडले. "आमच्या घरचे लोकही तुमची रामकथा ऐकायला येत, मांडवाबाहेर उभे राहून," तो म्हणाला. अण्णांचा अर्धा चेहरा उजळला. त्यांना खुर्ची दिली. एक गाणं झाल्यावर ज्ञानप्रकाशमने पोटात बिया भरलेला एक छोटा भोपळा त्यांच्या डाव्या हातात ठेवला. "तुम्हीही या आमच्यात."

अण्णा वाजवू लागले. लय पक्की, जन्माची. भोपळा खुळखुळत होता, सेतूचा ढोल त्याच्या खालून चालला होता, आणि कितीतरी दिवसांनी दोघे भाऊ एकत्र वाजवीत होते.

मग अण्णांनी हात वर नेला.

तो हात सेतूला पाठ होता. आख्यान टिपेला न्यायचं असलं की ते असाच हात उंचावीत आणि सगळा मांडव, झांजा, पेटी, मृदंग, त्यांच्यामागे उसळत असे. भोपळ्याची लय वाढली. अण्णा पुढे निघाले. डोळे मोठे झाले, मान मागे गेली. न बोलता येणारं ते तोंड उघडलं. ते आख्यान सांगत होते.

कोणीच त्यांच्यामागे गेलं नाही. बास होता तिथेच राहिला. अकॉर्डियन तिथेच राहिला. अण्णांनी वळून सेतूकडे पाहिलं. सेतूचे हात त्या लयीमागे निघू पाहत होते. आता सुटले असते तर सगळंच कोसळलं असतं, हे त्याला दिसत होतं, आणि न सुटले तर काय होईल तेही दिसत होतं. तो ढोलाकडे पाहत राहिला. ठेका सोडला नाही.

भोपळा थोडा वेळ एकटाच पुढे धावला, मग विस्कटला, मग थांबला. अण्णांनी तो मांडीवर ठेवला.

गाणं संपल्यावर सवरिमुत्तू सेतूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज जमलं!" ज्ञानप्रकाशम मात्र खुर्चीकडे वळला. त्याने अण्णांच्या मांडीवरचा भोपळा उचलला, त्यांच्यापुढे किंचित वाकला आणि बाजूला झाला.

परतताना जटक्यात सेतूने त्यांचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला. "अण्णा, रागावूं नका. ते संगीतच तसं. तिथे कोणामागे जातां येत नाही."

अण्णा रस्त्याकडे पाहत होते.

"तिरुनागेश्वरम्‌ला मी तुमच्यामागेच आलों होतों," सेतू म्हणाला. "तुमची जीभ गेली, त्याच्यामागेसुद्धा आलों. मज कळलंच नाही."

घशातून एक स्वर निघाला. काय तो, सेतूला समजलं नाही.

अण्णा पुन्हा वखारीत गेले नाहीत. मार्गशीर्षात त्यांना ताप भरला. शेवटच्या सकाळी त्यांनी सेतूकडे पाहून तोच एक स्वर पुन्हापुन्हा काढला. वैनी कान लावून म्हणाली, "म्हणतात, वाजव."

तेरावा झाल्यावर सेतूने तिला विचारलं, "वैनी, ते खरंच वाजव म्हणाले?"

ती तांदूळ निवडत होती. "मज काय ठाऊक, सेतू? इतके दिवस मी जें सांगत आलें, तें मला वाटलं म्हणून सांगत आलें. एखादे वेळी नुसतं पाणीही मागत असतील."

वर्ष सरल्यावर कारैकालच्या एका लग्नात चौघांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. चर्चमागच्या अंगणात भर दुपारी मांडव घातला होता. सायगॉनहून परतलेल्या बायका लांब रेशमी झग्यांत आल्या होत्या, त्यांच्या नवऱ्यांचे बूट चकचकत होते. पहिल्या गाण्यालाच लोक उठून नाचू लागले. एका गाण्यात सगळे मागे सरकले आणि ज्ञानप्रकाशमने सेतूला मान हलवून खूण केली. आता तुम्ही. सेतू ठेक्यातून बाहेर पडला, हवं तसं हिंडला. मृदंगाचे बोल त्या परक्या कातडीवर उमटले. बाकीचे तिघे आपापल्या जागी शांत उभे होते, त्याची जागा राखीत. लोक ओरडत होते. तो वेळेवर परत आला.

मग जेवणं. पंकजाने बांधून दिलेला दहीभात घेऊन सेतू मांडवामागे नारळीच्या सावलीत बसला. लूर्दुसामी आपलं ताट घेऊन शेजारी येऊन बसला. त्याची बायको सायगॉनला राहिली होती. तिने बोटीवर पाय ठेवला नव्हता. हे सेतूला सवरिमुत्तूकडून कळलं होतं, लूर्दुसामी कधी बोलला नव्हता.

"तुमचे भाऊ आज असते तर खूश झाले असते," लूर्दुसामी म्हणाला.

लोक आजवर त्याला असंच काहीबाही सांगत आले होते आणि तो मान डोलवीत आला होता.

"नाही," सेतू म्हणाला. "त्यांना नसतं आवडलं. चालता येत असतं तर उठून गेले असते."

हातातला घास तसाच राहिला. तो रडू लागला, आवाज न करता, खांदे हलवीत. लूर्दुसामीने ताट बाजूला ठेवलं. समजूत घातली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. मांडवात कोणीतरी पुढच्या गाण्यासाठी हाका मारू लागलं, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "तुम्ही बसा. हे गाणं आम्ही ढोलाशिवाय वाजवतो. सवय आहे."

सेतू नारळीखाली बसून राहिला. आत तिघांनी सुरू केलं, ढोलाची जागा मोकळी ठेवून.